मदत हवी आहे: आईच्या (७१) पायातली ताकद कमी होतीये, व्यायाम कसा वाढवू?

नमस्कार मंडळी, आईचं वय ७१, वजन ५२ किलो, शाकाहारी. रोज सकाळी ४० मिनिटं चालते, कधी चुकवत नाही, तरी वर्षभरात मांड्या बारीक झाल्यात आणि सोफ्यावरून उठताना हाताचा आधार लागतो. खुर्चीवरून हात न लावता ५ वेळा उठबस करायला १७ सेकंद लागले, आशियाई लोकांसाठी १२ किंवा जास्त लागले तर स्नायूंकडे लक्ष द्या म्हणतात म्हणून काळजी वाटतीये.

डॉक्टरांना दाखवलंय. बीपी गोळीने कंट्रोलमधे, शुगर नाही, थायरॉईड आणि डी व्हिटॅमिन ठीक, व्यायामाला परवानगी आहे. फक्त डाव्या गुडघ्याची झीज आहे त्यामुळे खोल बैठका बंद.

दोन महिने आठवड्यातून ३ दिवस खुर्चीवरची उठबस, भिंतीवर पुशअप आणि टाचा उचलणं चालू आहे, १० च्या २ फेऱ्या. पहिल्या महिन्यात खरंच फरक पडला, आता तिथेच अडकलंय. डाळ, दही, पनीर वाढवून प्रोटीन ५५ ग्रॅमपर्यंत नेलंय. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या लोकांचीसुद्धा वजनं उचलून ८ आठवड्यांत पायाची ताकद खूप वाढली होती, म्हणजे वय आड येत नाही, पण ते व्यायाम मशीनवर आणि देखरेखीखाली होते, आमच्याकडे फिजिओ ४० किमीवर, महिन्यातून एकदाच जमेल.

तर ज्यांनी घरी हे केलंय त्यांनी सांगा, गुडघा न दुखवता भार वाढवायला पायाला बांधायची वजनं घेऊ की रबरी बँड, आणि किती किलोपासून सुरू करू?