मदत हवी आहे: प्रोस्टेटच्या उपचारांनंतर यांची झोप उडाली आहे

नमस्कार. माझे मिस्टर ६४ वर्षांचे. प्रोस्टेट कॅन्सरसाठी रेडिएशन झालं, आता दर ३ महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन असतं. पीएसए (रक्तातला प्रोस्टेटचा आकडा) खाली आलाय, देवाची कृपा. पण रात्री फार वाईट जातात. अंगातून एकदम गरम वाफा निघतात, बनियन घामाने भिजतं, शिवाय चार-पाचदा लघवीला उठणं. पहाटे तीनला गॅलरीत बसलेले दिसतात.

दुसरं लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते. या इंजेक्शनाने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, अगदी खाली जातं, म्हणून इच्छाच उरत नाही, ताठरताही येत नाही. हे औषधामुळे आहे हे मला कळतं. त्यांना मात्र आपणच कमी पडलो असं वाटतं. आता हॉलमध्ये झोपतात. मला ते नुसते शेजारी हवेत हो. तपासणीला मुलगा सोबत असतो, मग डॉक्टरांसमोर हा विषय निघतच नाही.

कोणी यातून गेलंय का? गरम वाफांवर काय दिलं? इंजेक्शनं थांबल्यावर इच्छा परत यायला किती महिने लागले? आणि नवऱ्याला परत खोलीत कसं आणलंत? यांना हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू आहे, त्यामुळे ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या कृपया सुचवू नका, त्या एकत्र घेणं धोक्याचं असतं.