मदत हवी आहे: 'तेजोमहालय' प्रदर्शनाचे फलक लावण्याआधी कसे तपासावेत?

वाचनालय_कार्यवाह

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात एका हौशी इतिहास मंडळाला प्रदर्शन भरवायचं आहे. विषय: ताजमहाल मुळात शिवमंदिर होता. मांडणी हा दावा मांडणारे लेखक पु. ना. ओक यांच्या पुस्तकांवर बेतलेली आहे. विषय पटत नाही म्हणून सभागृह नाकारायचं नाही, यावर कार्यकारिणी ठाम आहे. पण खाली वाचनालयाचं नाव असणार, तेव्हा पुरावा तपासल्याशिवाय फलक लागणार नाही. चार फलकांवर गाडी अडली आहे:

१. 'बादशाहनामा' (शाहजहानच्या दरबारी इतिहासाचा ग्रंथ), खंड १, पान ४०३ची छायाप्रत, दोन ओळी अधोरेखित
२. दाराच्या लाकडाची कार्बन चाचणी: इ.स. १३५९
३. बटेश्वर शिलालेख: इ.स. ११५५
४. तळघरातल्या बंद २२ खोल्या

फारसी जाणणारं आमच्यात कुणी नाही. मंडळाकडून नेमकं काय मागून घ्यावं?

फारसी_दप्तर

पान ४०३ खोटं नाही, हे आधी मान्य करा. 'बादशाहनामा' लिहिणाऱ्या अब्दुल हमीद लाहोरीचा मूळ फारसी मजकूर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८६७-६८ साली छापला. स्कॅन फुकट मिळतं. ही जागा पूर्वी राजा मानसिंहाची होती, तिथे त्याचा वाडा होता आणि त्या वेळी ती त्याचा वंशज जयसिंहाकडे होती, असं लाहोरी स्वतः लिहितो. इथवर मंडळाचं बरोबर आहे.

गडबड छायाप्रत कुठे थांबते त्यात आहे. त्याच परिच्छेदात पुढे येतं की जयसिंहाला मोबदल्यात सरकारी मालकीची हवेली दिली, मुमताजचं शव आग्र्याला आल्यावर तिथे दफन केलं, इमारतीचा पाया घातला आणि जाणकारांनी चाळीस लाख रुपये खर्चाचा अंदाज काढला. उभ्या मंदिरात नुसती कबर बसवायची असती तर पाया घालायचं कारण काय? त्यामुळे ४०२, ४०३ आणि ४०४ ही तिन्ही पानं अखंड मागा. त्याखाली संपूर्ण परिच्छेदाचं भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव हवं. तुकडा चालणार नाही.

शिवाय लाहोरीच्या दुसऱ्या खंडात, १६४३च्या उरुसाच्या (मुमताजच्या पुण्यतिथीच्या) नोंदीत, पूर्ण झालेल्या वास्तूचं मोजमापांसह वर्णन आहे आणि खर्च पन्नास लाख दिला आहे. हा खंड अशा फलकांवर कधीच दिसत नाही.

आता जयसिंहाच्याच जयपूर घराण्याच्या संग्रहातली फर्मानं. २८ डिसेंबर १६३३च्या फर्मानात मोबदल्यातल्या चार हवेल्या नावानिशी आहेत: राजा भगवानदास, माधोसिंह, रूपसी बैरागी आणि चांदसिंह यांच्या. त्याआधी १६३२ मध्ये शाहजहानने जयसिंहालाच संगमरवरासाठी पाथरवट आणि भाड्याच्या गाड्या पुरवायला फर्मावलं होतं. मालक कोण होता, हे लपवायचं असतं तर इतके कागद मागे राहिले नसते.

लाकूड_आणि_काळ

फलक २ बद्दल. कार्बन-१४ चाचणी झाड केव्हा वाढत होतं ते सांगते, दार कधी बसवलं ते नाही. जुन्या खोडाच्या गाभ्याचं लाकूड किंवा दुसरीकडून काढून आणलेली फळी बांधकामाहून शेकडो वर्षं जुनी निघू शकते. नमुना एकच, तोही दारातला. दार तर इमारतीत सगळ्यात सहज बदलला जाणारा भाग. भिंतीच्या गाभ्यातल्या चुन्याचा नमुना इथे नाहीच.

फलकावर १३५९ लिहिलंय, ± ८९ वर्षं हा चाचणीतला संभाव्य फरक गाळलाय. तो लिहायला लावा. मग दुप्पट फरक धरून ११८१ ते १५३७ असा पल्ला येतो. म्हणजे फलक ३ वरचं ११५५ साल या पल्ल्यात बसतच नाही. एकाच प्रदर्शनातले दोन पुरावे एकमेकांना काटतात.

वाचनालय_कार्यवाह

हे लक्षातच आलं नव्हतं. बटेश्वरच्या लेखाचं काय?

शिलालेख_वाचन

शिलालेखांची वाचनं छापणाऱ्या 'एपिग्राफिया इंडिका' या मालिकेचा पहिला खंड काढा. लेख चंदेल राजा परमर्दिदेवाच्या काळातला, विक्रम संवत १२५२ म्हणजे इ.स. ११९५चा. ११५५ साली परमर्दिदेव गादीवरच नव्हता. लेखात विष्णू आणि शिव यांच्या मंदिरांचा उल्लेख आहे, पण लेख सापडला बटेश्वरला, आग्र्यापासून साधारण सत्तर किलोमीटरवर. ते शिवमंदिर म्हणजे ताजमहाल, हा जोड ओकांचा. मंडळाकडून लेखाच्या ठशाचं (कागदावर घेतलेल्या छापाचं) छायाचित्र, पूर्ण वाचन आणि तो जोड लेखाच्या कोणत्या ओळीवरून लावला, एवढं लेखी घ्या.

'हौशी' म्हणून मात्र मंडळाला कमी लेखू नका. इतिहासकार वि. का. राजवाडेही कुठल्या विद्यापीठात नोकरीला नव्हते. पण 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या बावीस खंडांत त्यांनी कागद छापून वाचकापुढे ठेवले. तीच कसोटी इथे लावायची.

फारसी_दप्तर

२२ खोल्यांचा फलक 'बंद' या शब्दावर उभा आहे. नदीकडच्या चौथऱ्याखालच्या या दालनांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या डागडुजीची छायाचित्रं २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. ती शेजारी लावा.

एक सावधगिरी. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ओकांची याचिका आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने १२ मे २०२२ रोजी खोल्या उघडण्याची याचिका फेटाळली. ते निकाल उत्तर म्हणून फलकावर चिकटवू नका. याचिका फेटाळणं वेगळं आणि इतिहास तपासणं वेगळं. मंडळ हा मुद्दा काढेल आणि तो रास्तच असेल.

प्रत्येक फलकासाठी ग्रंथ, आवृत्ती, खंड, पान आणि संपूर्ण परिच्छेद एवढं एका कागदावर मागवा. मुदत सर्वांना सारखी द्या. पान ४०३चा फलक अख्ख्या परिच्छेदासह खुशाल लावा, तो वाचण्यासारखा होईल. ११५५चा फलक साल दुरुस्त करून, जोडाची ओळ दाखवून आला तरच घ्या.