आरशात स्वतःला ओळखणारा मासा: पटतंय का?

गप्पिष्ट: क्लीनर रॅस हा बोटभर मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून पोट भरतो. २०१९ मध्ये मासानोरी कोहदा आणि सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्याखाली, त्याला एरवी दिसणार नाही अशा जागी, तपकिरी ठिपका उमटवला. आरशात पाहिल्यावर मासे गळा घासू लागले. गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये चिंपांझींची घेतलेली परीक्षा ती हीच. माझ्या मते मासा पास!

खडूस: असहमत. ठिपका परजीवीसारखा, आणि परजीवी शोधणं हा त्याचा धंदाच. दुसऱ्याची जांभई बघून आपल्याला येते तसंच हे, किडा दिसला की अंग घासायचं. खुद्द गॅलपनाही हा निकाल मान्य नाही.

रानवाटा: @खडूस, निबंध वाचलात का? काचेपलीकडे ठिपकेवाला दुसरा मासा ठेवला, तेव्हा एकानेही अंग घासलं नाही. ठिपका आहे पण आरसा नाही, तेव्हाही नाही. जांभईचा दाखला इथेच बाद होतो.

तळटीप: पण २०२२ चा पुढचा प्रयोगही सांगा की. तपकिरी ठिपक्याला १८ पैकी १७ माशांनी घासलं, निळ्या-हिरव्याला एकानेही नाही. मग ओळख नक्की कुणाची पटली, स्वतःची की किड्याची?

रानवाटा: निरुपद्रवी डागाची पर्वा माशाने का करावी? आणि खरी गंमत २०२३ ची आहे. आरशाला सरावलेले मासे अनोळखी माशाच्या फोटोवर तुटून पडले, स्वतःच्या फोटोला मात्र सोडलं. मग फोटोंची अदलाबदल केली. आपलं तोंड, परकं धड: हल्ला नाही. परकं तोंड, आपलं धड: हल्ला! म्हणजे मासा तोंड बघून ठरवतो.

खडूस: हा प्रयोग झकास आहे, वादच नाही. पण रोज आरशात दिसणारं तोंड ओळखीचं झालं, एवढंच त्यातून निघतं. 'ओळखीचा कुणीतरी' आणि 'मी' यांत फरक आहे.

रानवाटा: तोही तपासलाय. ओळखीच्या माशाच्या फोटोत गळ्यावर ठिपका दाखवला, कुणी हललं नाही. स्वतःच्या फोटोत दाखवल्यावर बहुतेकांनी गळा घासला.

तळटीप: हे वजनदार आहे. तरी 'हे शरीर माझं' कळणं आणि 'मी विचार करतोय' कळणं यांत मोठं अंतर आहे, आणि आरसा फार तर पहिलं दाखवेल. कुत्रे तर या परीक्षेत सर्रास नापास होतात, कारण त्यांचा भरवसा नाकावर.

खडूस: पहिल्यापुरतं मान्य. पण मग चिंपांझीलाही तेवढेच गुण द्या, तिथे का 'आत्मभान' म्हणून टाळ्या?