मदत हवी आहे : फ्लोरिडातला हा पांढरा बगळा कोणता?

नमस्कार मंडळी,

टॅम्पा उपसागराच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट डी सोटो पार्कात ओहोटीला उथळ पाण्यात एक पांढराशुभ्र बगळा दिसतोय. आकार आपल्याकडच्या छोट्या बगळ्याएवढा. पाय मात्र काळे नाहीत, पूर्ण हिरवट-पिवळे. चोच बुडाशी निळसर राखाडी, टोकाला काळी. डोळ्यासमोरची कातडीही राखाडीच वाटली.

स्नोई इग्रेट म्हणावा, तर त्याची चोच काळी, डोळ्यासमोरची कातडी पिवळीजर्द, पाय काळे नि पंजे पिवळे. त्याच्या पिल्लांचे पाय मागच्या बाजूने हिरवट-पिवळे असतात, घोळ तिथेच होतो. लिटल ब्लू हेरॉन मोठेपणी गडद निळा, पण पहिल्या वर्षी पांढराच असतो. माझा कल तिकडे आहे, कारण चालही तशीच : एकेक पाऊल सावकाश, मान पुढे झुकवून मध्येच स्तब्ध. स्नोईची सारखी धावपळ चालते, पायाने चिखल ढवळणं चालतं. रेडिश इग्रेटचाही पांढरा प्रकार इथे आहे, पण तो बराच मोठा आणि पाय गडद.

लिटल ब्लूच्या पिल्लाच्या पंखांची टोकं राखाडी असतात. हा उडाला तेव्हा उन्हात काहीच कळलं नाही. बसलेल्या पक्ष्यात ती छटा कुठे बघायची? आणि निळी पिसं साधारण कुठल्या महिन्यात दिसू लागतात? इकडचे बगळे बघितलेल्यांनी कृपया सांगा. ईबर्डवर (पक्षिनिरीक्षणांच्या नोंदींचं संकेतस्थळ) नोंद करायची आहे, पण खात्री झाल्याशिवाय नाव टाकणार नाही. फोटो सोबत जोडलेत.