नऊ दिवस मालक नव्हता: निर्णय सोपवायचे की नाही?

शिरोलीकर

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत माझं मशिनिंगचं जॉबवर्क आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आम्ही टर्निंग-बोअरिंग करून (आतून-बाहेरून मापात कापून) पुढं देतो. चार सीएनसी, दोन व्हीएमसी, अशी संगणकावर चालणारी सहा मशीनं, माणसं २२. अकरा वर्षं झाली. पहिली सात वर्षं धंदा वाढला, गेली चार वर्षं आहे तिथंच आहे. बँक मशीनला कर्ज द्यायला तयार, गिऱ्हाईक काम द्यायला तयार, तरी गाडी पुढं सरकत नाही. का, ते मला सप्टेंबरात कळलं.

डेंगी झाला. नऊ दिवस दवाखान्यात. प्लेटलेट उतरल्या तशी बायकोनं फोन काढून घेतला. त्याच रात्री कारखान्यात काय झालं ते नीट सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे.

एका हाउसिंगला ६२ मिलीमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक, आहे, त्यात ६२०६ नंबरचं बेअरिंग बसतं. ड्रॉइंगवर टॉलरन्स एच ७, म्हणजे माप ६२.००० ते ६२.०३० मध्ये हवं. रात्रपाळीत इन्सर्ट (कापायचं पातं) बदलला, त्याप्रमाणं मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, मारायचा राहिला. सकाळी मशीन लावून देणाऱ्या सेटरनं भोक मोजायचं डायल बोअर गेज लावलं तर ६२.०३४. तोवर १४० नग झाले होते. पोरानं चूक लपवली नाही. माल बाजूला काढला, लाल बिनमध्ये टाकला, टॅग लावला.

एरवी अशा वेळी मी गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्यांना फोन करतो. खरं काय झालं ते सांगतो आणि डेव्हिएशनवर, म्हणजे मापात थोडा फरक असूनही, घेता का विचारतो. कधी घेतात, कधी नाही. तो नंबर दुसऱ्या कुणाकडं नव्हता. असता तरी फोन करायचा अधिकार आपल्याला आहे असं कुणाला वाटलं नसतं. "साहेब येऊ देत" म्हणत १४० नग पाच दिवस पडून राहिले. तिकडं त्यांची लाईन अडली. सहाव्या दिवशी पुढच्या महिन्याचं निम्मं शेड्यूल दुसऱ्या व्हेंडरला गेलं. मी परतल्यावर फोन केला, तर तोच माल त्यांनी डेव्हिएशनवर घेतला. दोन मिनिटांत.

कामावर आलो त्या दिवशी मुद्दाम वहीत रेघा ओढत बसलो. दिवसभरात ४१ वेळा कुणी ना कुणी विचारायला आलं. त्यातल्या तीसेक वेळा विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं. ही सवय त्यांना मीच लावली. कामं मी कधीचीच वाटून दिली होती, पण निर्णय एकही दिला नव्हता. माझं मत आता पक्कं आहे: मालक निर्णय सोडत नाही तोवर त्याचा कारखाना एका माणसाच्या दिवसाएवढाच राहतो.

तुमचं काय म्हणणं? विरोधातलंही सांगा.

उद्यमनगरचा_जुना

शिरोलीकर, वयानं मोठा आहे म्हणून स्पष्ट बोलतो. तब्येत सांभाळा, ते आधी. पण तुमच्या मताशी मी अजिबात सहमत नाही.

मीही सोपवून बघितलंय. सुपरवायझरला रेट दाखवले, गिऱ्हाइकाकडं मीटिंगला पाठवलं, नग मशीनवर पकडायच्या फिक्श्चरच्या खाचाखोचा स्वतः शिकवल्या. नवव्या वर्षी तो गेला. दोन गल्ल्या सोडून शेड भाड्यानं घेतलं आणि माझं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक आठ टक्के कमी रेटनं उचललं. त्या दिवाळीला बोनस द्यायला मी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या. मोठ्या कंपनीत एक माणूस गेला की खातं हलतं, आपल्याकडं छप्पर हलतं.

आणि चूक झाली तर भरायची कुणी? माझी प्रोप्रायटरशिप आहे. धंद्याचं कर्ज ते घराचं कर्ज. चेक परतला तर कलम १३८ ची नोटीस सही करणाऱ्याच्या नावानं येते, सुपरवायझरच्या नाही. अधिकार वाटता येतो हो, जबाबदारी वाटता येत नाही. म्हणून माझ्याकडं रेट, खरेदी आणि गिऱ्हाईक या तीन गोष्टी माझ्याच हातात.

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूचा. सहा वर्षं एका कारखान्यात सुपरवायझर होतो.

साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "आता हाच बघणार." बरं वाटायचं. पण चारशे रुपयांचं इन्सर्ट मागवायचं तर त्यांना विचारा. ऑपरेटरला अर्धा दिवस सोडायचा तर विचारा. मी हो म्हणालेल्या गोष्टीला त्यांनी मशीनपाशी येऊन नाही म्हणायचं, तेही पोरांसमोर. महिन्याभरात पोरं मला टाळून थेट केबिनमध्ये जायला लागली. रिजेक्शन आलं की मात्र मीटिंगमध्ये उभा मी.

मी स्वतःचा धंदा काढला नाही, गिऱ्हाईकही पळवलं नाही. दुसरीकडं नोकरी धरली, पगार तेवढाच. इथं पाच हजारांपर्यंतची खरेदी माझ्या सहीवर होते. घरी गेल्यावर झोप लागते.

जुने काका, राग मानू नका, एक विचारतो. तुमचा तो सुपरवायझर नऊ वर्षं होता. त्या नऊ वर्षांत त्याचा पगार किती वाढला? वाढलेल्या धंद्यात त्याला काही मिळालं?

हिशेबनीस

मी लहान कारखान्यांचे हिशेब आणि जीएसटी बघते. जुन्या काकांची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय "सगळं माझ्या हातात" हा नाही. करंट अकाउंटच्या नेट बँकिंगमध्ये मेकर-चेकर मिळतं. एकानं पेमेंट भरायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं. अकाउंटंट रोजची पेमेंट भरून ठेवतो, मालक संध्याकाळी दहा मिनिटांत बघून सोडतो. माल वाहतुकीला लागणाऱ्या ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर करता येतो. परराज्यात जाणारा पन्नास हजारांवरचा माल भरून गाडी गेटवर उभी आणि पासवर्ड फक्त साहेबांच्या डोक्यात, हे मी कितीदा पाहिलंय. सब-युजरला फक्त बिल काढायचा अधिकार द्या, बाकी काही नाही.

उलट सगळं एकहाती असतं तिथंच घोटाळा उशिरा सापडतो, कारण मालकाला वेळ नसतो आणि दुसरं कुणी बघणारं नसतं. सही करून ठेवलेल्या कोऱ्या चेकबुकावर चालणारे मालक मला ठाऊक आहेत. "मी कुणावर विश्वास टाकत नाही" असं तेच म्हणतात.

पेठेतला_दुकानदार

मला मुळात एक शंका आहे. वाढायलाच हवं का? आमचं मसाल्याचं दुकान, तिसरी पिढी. मिरची मी स्वतः निवडतो, भाजणीला स्वतः उभा राहतो. दोन माणसं आहेत, तिसरं नको. गिऱ्हाईक येतं ते या हातासाठी. दुसरी शाखा काढा म्हणून मुलगा मागं लागलाय, मी नाही म्हणतो. शिरोलीकरांनी सहा मशीनवर समाधान मानलं तर काय बिघडलं?

शिरोलीकर

@पेठेतला_दुकानदार, समाधानाबद्दल वाद नाही. पण माझा माल मोठ्या कंपनीच्या लाईनवर जातो. त्यांचं काम वाढलं आणि मी तेवढंच देत राहिलो तर ते दुसरा व्हेंडर उभा करतात. मग माझं आहे ते कामही हळूहळू तिकडं जातं. जॉबवर्कला जागच्या जागी उभं राहता येत नाही. शिवाय नऊ दिवसांचा प्रश्न दोन माणसांच्या दुकानालाही आहेच. तुम्ही आजारी पडलात तर भाजणी कोण करणार?

सांगलीची_लेक

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

आमच्या वडिलांचा हळदीचा व्यापार होता. उधारी कुणाची किती हे डोक्यात, गोदामात कुणाची पोती कुठल्या थप्पीत तेही डोक्यात. मुनीम तीस वर्षं जुने, अत्यंत प्रामाणिक, पण त्यांना फक्त लिहायचं काम होतं. बाबा २०१९ मध्ये हार्टनं गेले. तेराव्यानंतर मी आणि आई वही घेऊन बसलो. आकड्यांपुढं नुसत्या खुणा. एक फुली, दोन टिंबं, कुठं गोल. मुनीमकाका रडत होते, "ताई, या खुणा मालक स्वतः करायचे, मी कधी विचारलं नाही." देणारे बरेच जण स्वतःहून आले, त्यांचे उपकार आहेत. बरेच आले नाहीत. ज्यांना आम्ही देणं लागत होतो ते मात्र सगळे आले.

बाबा कंजूष नव्हते, संशयी नव्हते. आपल्या माणसांना त्रास नको म्हणून सगळं स्वतःवर घ्यायचे. म्हणून सांगते, हे प्रेमापोटीसुद्धा करू नका.

वाडीकर

ताई, वाचून गलबललो.

किर्लोस्करवाडीचं उदाहरण इथं यायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर कारखाना थाटला. त्यांचा जीव यंत्रांत आणि नांगरांत. वसाहतीचा कारभार भाऊ रामूअण्णांकडं, हिशेब आणि कचेरी मंगेशराव रेगे यांच्याकडं, कारखान्याची यंत्रं चालती ठेवायचं काम शंभोराव जांभेकरांकडं. राखणीला तर त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली आणि ती विश्वासाला उतरली. विश्वास कुणावर टाकायचा याची त्यांची कसोटी नात्याची नव्हती.

उद्यमनगरचा_जुना

वाडीकर, लक्ष्मणरावांचं नाव काढलंत, हात जोडतो. पण त्यांच्या पाठीशी संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी होते. माझ्या पाठीशी बँकेचा हप्ता आहे. पहिली चूक ज्याला परवडते त्यानं शिकवावं. ज्याच्या डोक्यावर कॅश क्रेडिट (बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) तुंबलंय त्याला एक कंटेनर रिजेक्ट झाला की संपलं.

आता रात्रपाळीच्या प्रश्नाचं. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण देववत नव्हतं. नऊ वर्षांत त्याचा पगार साडेआठ हजारांवरून चौदा हजारांवर गेला. माझी मशीनं तीनाची सात झाली. त्यानं एकदा मागितलं होतं, "काका, टनेजवर, निघालेल्या मालावर काहीतरी द्या." मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. तसं दोनदा म्हणालो.

गिऱ्हाईक उचललं ते त्यानं चुकीचंच केलं, यावर मी ठाम आहे. पण पोरा, तू विचारलंस ते बरोबर विचारलंस.

रात्रपाळी

काका, एवढं सांगितलंत, आभारी आहे. माझ्या जुन्या साहेबांनी कधीच सांगितलं नसतं.

शिरोलीकर

सगळ्यांचं वाचलं, ताईंचं दोनदा. सोमवारपासून काय करतोय ते मांडतो, चुकत असेल तर सांगा.

टॉलरन्सबाहेर माल गेला तर गिऱ्हाइकाला डेव्हिएशनचा फोन सेटर आणि क्वालिटीचा मुलगा मिळून करणार, मला विचारून नव्हे, करून मग सांगणार. त्यासाठी एक वही केली आहे: तारीख, ड्रॉइंग नंबर, काय मिळालं, कुणाशी बोललो, उत्तर काय. फक्त बेअरिंगच्या बोअरचं माप एच ७ च्या वर दहा मायक्रॉनहून (०.०१० मिलीमीटरहून) जास्त गेलं तर फोनही नको, सरळ रिजेक्ट. ही रेघ मी आखून दिली, तिच्या आतलं त्यांचं. कंझ्युमेबलची, म्हणजे खपून जाणाऱ्या सामानाची, खरेदी सात हजारांपर्यंत स्टोअरवाल्याच्या सहीवर. रजा सुपरवायझरच्या हातात. आणि रिजेक्शन ठरल्यापेक्षा कमी आलं तर वाचलेल्या पैशांतला वाटा त्या पाळीला, दर महिन्याला, पुढच्या वर्षी नव्हे.

रेट अजून माझ्याकडंच ठेवलेत. तिथं माझंही काळीज जुन्या काकांएवढंच आहे. पण ते एका बंद पाकिटात लिहून बायकोकडं दिलेत.

पहिल्याच आठवड्यात एक चूक झाली, तीही सांगतो. पोरांनी ६२.०३३ चे २० नग डेव्हिएशनवर मागितले, समोरच्यानं नाही म्हटलं, वीसही स्क्रॅप. संध्याकाळी दोघं मान खाली घालून उभे. माझ्या जिभेवर आलं होतं, "मला विचारायचं होतंत." गिळलं. वहीत नोंद आहे का एवढंच बघितलं. होती. समोरच्याचं उत्तर शब्द न् शब्द लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सेटरनं आपणहून इन्सर्ट बदलल्यानंतरचे पहिले तीन नग मोजायचा तक्ता मशीनवर चिकटवला. अकरा वर्षांत मी तो चिकटवला नव्हता.

उद्यमनगरचा_जुना

रेट पाकिटात ठेवलेत ते योग्य केलंत, ते कुणाला दाखवू नका. त्यावर माझं मत तेच आहे.

त्या तक्त्याचा आणि वहीच्या एका पानाचा फोटो इथं टाका. माझ्याकडं रात्रपाळीला एक चांगला मुलगा आहे, त्याला दाखवायचाय.