आशिगारूंचा लाल रंग मळकट दिसतो आणि बेसची माती तडकते: मार्गदर्शन हवे

बिंदुसरा_काठ (बीड)

सर्व जाणकारांना नमस्कार. सेंगोकू काळातील, म्हणजे जपानमधील यादवी युद्धांच्या काळातील, छोट्या मूर्तींची फौज उभी करण्याचे काम मी जानेवारीपासून हाती घेतले असून माझ्याकडे २८ मिलिमीटर मापाचे ४० आशिगारू, म्हणजे साधे पायदळ, आणि ८ सामुराई आहेत. हे सर्व तोकुगावांचा सरदार ई नाओमासा याच्या लाल चिलखतांच्या फौजेतील म्हणून रंगवायचे आणि १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईसाठी पटावर मांडायचे, असा माझा बेत आहे. मात्र काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरावर, लाल रंगाचे तीन हात देऊनही तो मळकटच दिसतो, आणि मे महिन्याच्या या उन्हात अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळून जातो. दुसरी अडचण बेसची, म्हणजे मूर्तींच्या पायाखालच्या बैठकीची, आहे. आमच्या शेतातील काळी माती वस्त्रगाळ करून लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदात कालवून लावली, ती दोन दिवसांत तडकली आणि पुठ्ठ्याचे बेस कडांनी वर वळले. शिवाय ४० जणांच्या चिलखतांवर दोऱ्यांची वीण काढत बसलो तर दिवाळी उजाडेल. यातले काय गाळले तर चालेल आणि काय मुळीच गाळू नये, हे कृपया सांगावे.

गोदाकाठ (नांदेड)

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर इतिहासातच आहे. आशिगारूंचे चिलखत बहुधा त्यांचे स्वतःचे नसे. ते सरदाराच्या कोठारातून उसने मिळे आणि त्याला ‘ओकाशी गुसोकू’, म्हणजे उसने दिलेले चिलखत, असेच म्हणत. छातीवरचा भाग पुष्कळदा सलग पत्र्यांचा असे. तेथे वीण नसतेच. ती कमरेखाली लोंबणाऱ्या पट्ट्यांवर तेवढी दिसते. म्हणून ४० जणांना एकाच ठशाचे रंगवणे ही पळवाट ठरत नाही, तेच खरे रूप आहे. दहा-दहांचा गट करून आधी सर्वांचे लाल, मग सर्वांचे कापड, मग सर्वांची त्वचा, या क्रमाने जावे. वाचलेला सगळा वेळ मात्र त्या ८ सामुराईंना द्यावा, कारण सामुराई आपले चिलखत स्वतः करवून घेई. लाल रंग फौजेचा असला तरी शिरस्त्राणाचा घाट आणि कपाळावरचे चिन्ह ज्याचे त्याचे असे.

लाल रंग मुळात पारदर्शक असल्यामुळे खालचा काळा त्यातून डोकावतो. त्याखाली आधी तांबूस तपकिरी रंगाचा एक हात द्यावा, त्यावर लाल दोन पातळ हातांत बसतो. कडा उजळताना लालमध्ये पांढरा मिसळू नये, नाहीतर गुलाबी छटा येते. थोडा नारिंगी मिसळावा. पत्र्यांच्या सांध्यांत गडद तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, पुरेसा होतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या भागात बिदरी काम पाहून वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांत चिलखताचा काळा भाग म्हटला की तोच चमक नसलेला गडद काळा येतो, आणि मीही माझी पहिली तुकडी तशीच रंगवली होती. जपानी चिलखतावर उरुशी झाडाच्या चिकाचा लेप असतो आणि तो चकाकतो. म्हणून सगळीकडे मॅट वॉर्निश मारून झाल्यावर चिलखताच्या भागांवरच ब्रशने सॅटिन वॉर्निश द्यावे. कापड मॅट आणि पत्रा तुकतुकीत, एवढ्या फरकानेच मिनिएचर जिवंत होते.

उन्हासाठी ओली पॅलेट वापरावी: चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्या कागदावर रंग. प्रायमरचा स्प्रे सकाळी लवकरच मारावा. भर दुपारी फवाऱ्याचे थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो.

मांजराकाठ (लातूर)

बेसबद्दल लिहितो. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे आणि तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात, त्याच बेसवर पडल्या. आपल्या हातून काही चुकलेले नाही. ही माती या कामाची नाही. नदीची बारीक वाळू चहाच्या गाळणीतून चाळून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, कढईत कोरडी करून घ्यावी. पुठ्ठ्याऐवजी २ किंवा ३ मिलिमीटर जाडीचे एमडीएफ वापरावे. गोंद पसरून त्यावर वाळू दाबावी, रात्रभर वाळू द्यावी, आणि पाणी घातलेल्या गोंदाचा आणखी एक हात वरून द्यावा.

रंग ठरवताना लढाईचा दिवस विसरू नये. सेकिगाहाराची लढाई २१ ऑक्टोबर १६०० रोजी झाली. आदल्या रात्री पाऊस पडला होता आणि सकाळी खोऱ्यात दाट धुके होते. म्हणजे जमीन ओली हवी. गडद तपकिरी रंगावर हलका ड्रायब्रश करून, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश फिरवून, खोलगट जागी चकचकीत वॉर्निशचे थेंब सोडले की पाणी साचल्याचा भास होतो. तोच चिखल सैनिकांच्या पावलांवर आणि पोटऱ्यांवर थोडा आणावा, नाहीतर माणसे जमिनीवर नुसती ठेवल्यासारखी दिसतात. सुकलेल्या गवतासाठी काथ्या बारीक कापून वापरावा, पण तो ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा उंच नको. मी पहिल्यांदा कापलेला काथ्या सैनिकांच्या कमरेला लागत होता आणि ज्वारीच्या धसकटांत फौज उभी असल्यासारखे दिसत होते.

हीच फौज पुढे नागाशिनोसाठी वापरण्याचा विचार असेल, तर बेस वेगळे करावे लागतील. ती लढाई १५७५ च्या जून महिन्यातली, ऐन पावसाळ्यातली आहे, म्हणून तिथे सुकलेले गवत शोभणार नाही.

बिंदुसरा_काठ (बीड)

दोघांचाही मनापासून आभारी आहे. तपकिरी हात देऊन एका आशिगारूवर लाल लावून पाहिला आणि फरक लगेच दिसला. आता पाठीवरच्या निशाणांचे, म्हणजे साशिमोनोंचे, काय करावे? २ मिलिमीटरच्या जागेत घराण्याचे चिन्ह माझ्या हाताने निघत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

ई घराण्याचे एक चिन्ह विहिरीवरच्या लाकडी चौकटीचे आहे: दोन आडव्या रेघा, दोन उभ्या, एकमेकींना छेदणाऱ्या. तोकुगावांची तीन पाने काढण्यापेक्षा ते कितीतरी सोपे आहे. छातीवर चिन्ह नसले तरी चालेल. निशाणावर ते मोठे काढावे. निशाण पातळ कागदाचे करावे, पाणी घातलेला गोंद दोन्ही बाजूंनी लावावा आणि तो ओला असतानाच कागदाला हलका बाक द्यावा. मात्र ४० ही निशाणांचा बाक एकाच दिशेला असू द्यावा, कारण एका मैदानावर वारा एकाच बाजूने वाहतो. चिन्हाचे ट्रान्स्फर, म्हणजे चिकटवायची छापील चित्रे, मिळाले तर त्यांच्या खाली आधी ग्लॉस वॉर्निश लावावे, म्हणजे कडेला चंदेरी झाक येत नाही. ते वाळल्यावर वरून मॅट द्यावे.