मदत हवी आहे: ७ गावरान कोंबड्यांसाठी खुराडं रेडिमेड घ्यावं की बनवून घ्यावं? (धायरी, पुणे)

नमस्कार मंडळी, आमचं धायरीत बैठं घर आहे, मागे २० बाय १५ फुटाची मोकळी जागा आणि एक शेवगा. सासूबाई मूळच्या भोरकडच्या, कोंबड्या पाळायची त्यांना सवय आणि हौस दोन्ही, त्यामुळे ६ तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या) आणि १ कोंबडा आणायचं नक्की झालंय. अडलंय ते खुराड्यापाशी.

ऑनलाइन लाकडी रेडिमेड खुराडी फोटोत छान दिसतात पण मापं बघितली की जीव घाबरतो. एक बघितलं ४ बाय अडीच फूट, खाली लिहिलंय "१० कोंबड्यांसाठी", म्हणजे एकीला १ चौरस फूट! नुसतं रात्री बसायलाच दर कोंबडीमागे २ ते अडीच चौरस फूट तरी हवेत, दिवसा फिरायला ८-१० वेगळे. दाटीवाटीत त्या एकमेकींची पिसं उपटतात, टोचून रक्त काढतात, सासूबाईंनी गावाला हे बघितलंय.

दुसरी काळजी मुंगसाची. ओढ्याकडनं येतं, आमच्या भिंतीच्या कडेला ताजी उकरलेली माती दिसते, शिवाय मांजरं, घुशी आणि गल्लीतली कुत्री. रेडिमेडला ती षटकोनी कोंबडीजाळी असते, मी दुकानात हातात घेऊन बघितली, अंगठ्याने दाबली तर तार वाकते आणि भोकातनं माझी दोन बोटं आरपार जातात. दाराला नुसता आकडा. अशा भरवशावर रात्री जीव कसे ठेवायचे?

म्हणून फॅब्रिकेटरकडनं लोखंडी अँगलचं ६ बाय ४ करून घ्यावं असं वाटतंय, उंची ६ फूट, कारण सासूबाईंना गुडघ्यामुळे वाकून झाडता येत नाही. पण जाळी कुठली लावू, खाली कोबा करू की मातीच ठेवू, आणि पत्र्याचं छप्पर एप्रिल-मेच्या उन्हात भट्टीसारखं तापेल त्याचं काय करू? कोणी बनवून घेतलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
ताई, बनवूनच घ्या. २४ चौरस फुटात ७ पक्षी आरामात बसतात. जाळी अर्धा इंची वेल्डमेश (तारा एकमेकींना वेल्ड केलेली ताठ चौकोनी जाळी) घ्या, पुण्यात बोहरी आळीत मिळेल, आणि अँगलला नुसती तारेने बांधू नका, वरनं पट्टी मारून घ्या. कोबा करा म्हणजे उकरून आत यायचा प्रश्नच मिटला, मातीच ठेवायची असेल तर जाळी फूटभर खाली गाडावी लागेल. कोब्यावर २-३ इंच भाताचं तूस टाका, अधूनमधून खालीवर करा, ओलं झालं की लगेच काढा, पावसाळ्यात रक्ती हगवण ओल्या तुसातनंच पसरते. सकाळी दार उघडल्यावर नाकाला झोंबलं तर हवा कमी पडतेय असं समजा.

बसायची दांडी जाळीपासून फूटभर आत ठेवा, हे विसरू नका. रात्री मांजर बाहेरनं नखं घालतं आणि जाळीला चिकटून झोपलेली कोंबडी जखमी होते. एकीला ९ इंच धरले तर ७ जणींना सव्वापाच फूट, म्हणजे ६ फुटी एक दांडी पुरते. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, ऊन कमी शिरतं. पत्र्यावर उसाचं पाचट घट्ट बांधा, आतनं थर्माकोल अजिबात नको, टोचून खातात. पावसाच्या माऱ्याला ताडपत्री लावा पण खालनं वर, वरची फूटभर जागा उघडीच राहू दे. आकड्याऐवजी कडी आणि तिला कुलूप.

प्रतिसाद:
कोंबडा हवाच का? अंडी त्याच्याशिवायही मिळतात. जवळ घरं असतील तर पहाटेच्या आरवण्याबद्दल शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दादा, दांडीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. कोंबडा हवाय कारण सासूबाईंना खुडूक (अंडी उबवायला बसलेली कोंबडी) बसवून पिल्लं काढायचीयेत, शेजारी ओळखीचे आहेत, बोलते. खुडूक कोंबडीला आतच कप्पा केला तर चालेल का?

प्रतिसाद:
चालेल, पण जाळीने वेगळा करा, नाहीतर बाकीच्या तिच्याच घरट्यात अंडी घालतात आणि पिल्लं निघायच्या २१ दिवसांचा हिशोब लागत नाही. कोपऱ्यात, अंधाराच्या बाजूला २ बाय २ पुरे, दाणापाणी आतच ठेवा. फॅब्रिकेटरला आत्ताच सांगा, नंतर वेल्डिंगला परत बोलवावं लागतं.